कुत्र्या-मांजरांचा खर्च आणि अमेरिकेतला टॅक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीअखेर डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) हातात पडला की आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय हमखास निघतो. कुणीतरी ‘कुत्रा पाळा, टॅक्स वाचवा’ छापाचा व्हिडिओ पुढे ढकलतं आणि मग माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे २०२५ च्या उत्पन्नाचे, म्हणजे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायच्या फेडरल रिटर्नचे आहेत. राज्याच्या रिटर्नचे नियम वेगळे असू शकतात. कॅनडा आणि भारत शेवटाकडे आहेत.

१. सरळ सांगा, घरच्या कुत्र्यावर केलेला खर्च टॅक्समधून वजा होतो का?

नाही. खाणं, लसी, ग्रूमिंग, पट्टा, इन्शुरन्स, दाताचं ऑपरेशन, यातलं काहीच नाही. अमेरिकेच्या करकायद्याचं कलम २६२ म्हणतं की वैयक्तिक आणि घरगुती खर्च वजा होत नाही, आणि पाळीव प्राणी कायद्याच्या लेखी घरगुती खर्चातच मोडतो.

अपवाद आहेत, पण प्रत्येकात एक समान धागा दिसेल: तो प्राणी काही काम करतो, किंवा तो तुमचा नाहीच. तुमचा जीव त्याच्यावर किती आहे हे आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) विचारत नाही. तो करतो काय, आणि त्याचा कागद कुठे आहे, एवढंच विचारते.

२. पण ‘पेट टॅक्स क्रेडिट’ असं काहीतरी आहे ना?

फेडरल पातळीवर नाही. लोक दोन शब्दांची गल्लत करतात. क्रेडिट थेट करातून वजा होतं: १०० डॉलरचं क्रेडिट म्हणजे कर १०० डॉलरने कमी. डिडक्शन, म्हणजे वजावट, उत्पन्नातून होते: १०० डॉलरची वजावट १२% च्या टप्प्यात फक्त १२ डॉलर वाचवते. खाली ज्या काही सवलती येतील त्या अमेरिकेत सगळ्या वजावटी आहेत. प्राण्यासाठी खरंखुरं क्रेडिट पाहायचं तर कॅनडात जावं लागेल (प्रश्न १६).

असा कायदा आणायचे प्रयत्न झाले आहेत. २००९ मध्ये मिशिगनचे काँग्रेस सदस्य थॅडियस मॅकॉटर यांनी ‘हॅपी’ नावाचं विधेयक मांडलं होतं. त्यात प्राण्यांच्या देखभालीसाठी ३,५०० डॉलरपर्यंत वजावट होती. ते मंजूर झालं नाही. तुमच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारा ३,५०० चा आकडा बहुधा तिथूनच आलेला असतो. विधेयक मेलं, फॉरवर्ड मात्र जिवंत आहे.

३. कुत्र्याला डिपेंडंट म्हणून दाखवता येईल का? मुलासारखाच वाढवतोय.

नाही. डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून असणारी) व्यक्तीच असावी लागते, आणि रिटर्नवर तिचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (तो नंबर नसलेल्यांचा कर क्रमांक) लागतो. न्यूयॉर्कमधल्या एका वकीलबाईंनी आपल्या गोल्डन रिट्रीव्हरला डिपेंडंट मानावं म्हणून २०२५ मध्ये फेडरल कोर्टात दावा लावला. त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार, पण तुमचं रिटर्न त्या भरवशावर भरू नका.

४. आम्ही दोघंही नोकरीला जातो, म्हणून कुत्रा डेकेअरला. मुलाच्या डेकेअरचं क्रेडिट मिळतं, मग याचं का नाही?

कारण ते क्रेडिट १३ वर्षांखालच्या मुलासाठी किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या जोडीदारासाठी वा डिपेंडंटसाठी आहे. फॉर्म २४४१ वर त्या व्यक्तीचं नाव आणि नंबर द्यावा लागतो. डॉगी डेकेअरचं बिल मुलाच्या डेकेअरच्या बिलात मिसळून आणणारे लोक मी पाहिले आहेत. त्याच फॉर्मवर डेकेअरचा टॅक्स नंबरही लिहायचा असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

याचाच जोडप्रश्न: ‘आई-बाबा भारतातून सहा महिने येतात, कुत्रा तेच सांभाळतात. त्यांना पैसे दिल्याचं दाखवू का?’ अजिबात नको. वजावट तर मिळणारच नाही, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांनी इथे पगारी काम केलं असं तुम्हीच लेखी दिल्यासारखं होईल.

५. सर्व्हिस डॉगचा खर्च चालतो असं ऐकलं. नक्की कोणाला, आणि हातात किती पडतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा अपवाद, म्हणून जरा सविस्तर.

आयआरएसचं पब्लिकेशन ५०२ वैद्यकीय खर्चाची यादी देतं. पाळीव प्राण्याच्या डॉक्टरची फी सहसा वैद्यकीय खर्च धरत नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. पण दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा अन्य शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला मदत करणारा गाईड डॉग किंवा सर्व्हिस अ‍ॅनिमल असेल, तर त्याची खरेदी, प्रशिक्षण आणि देखभाल वैद्यकीय खर्चात येते. देखभाल म्हणजे खाणं, ग्रूमिंग, डॉक्टर, जे जे त्याला कामासाठी धडधाकट ठेवतं ते सगळं. खर्च तुमच्यासाठी, जोडीदारासाठी किंवा डिपेंडंटसाठी असू शकतो.

आता हातात काय पडतं ते पाहा. वैद्यकीय खर्चाची वजावट शेड्यूल ए वर (रिटर्नमधला खर्चवार वजावटींचा तक्ता) मिळते, तीही एजीआयच्या (काही ठरावीक वजावटींनंतरच्या उत्पन्नाच्या) ७.५% वर जेवढा खर्च जाईल तेवढ्याचीच. शिवाय शेड्यूल ए ची एकूण बेरीज स्टँडर्ड डिडक्शनच्या (पावत्यांशिवाय मिळणाऱ्या ठोक वजावटीच्या) वर गेली तरच तिचा उपयोग. २०२५ साठी हे डिडक्शन एकट्याला १५,७५० आणि जोडप्याला ३१,५०० डॉलर आहे.

एक जोडपं धरू. एजीआय १,२०,००० डॉलर. त्याचे ७.५% म्हणजे ९,०००. सर्व्हिस डॉगवर आणि इतर वैद्यकीय मिळून खर्च १४,०००. शेड्यूल ए वर जाणार ५,०००. घराच्या कर्जाचं व्याज १६,००० आणि राज्याचे व मालमत्तेचे कर १२,००० धरले, तर बेरीज ३३,०००. स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा १,५०० जास्त. हे जोडपं १२% च्या टप्प्यात, म्हणजे वाचले १८० डॉलर. चौदा हजार खर्चून एकशे ऐंशी! व्याज ११,००० असतं तर बेरीज २८,००० झाली असती आणि वाचलं असतं शून्य.

म्हणून कुणी ‘सर्व्हिस डॉगचा सगळा खर्च टॅक्समधून परत मिळतो’ म्हणालं, तर त्यांना हे गणित पाठवा. आणि पुढचा प्रश्न जरूर वाचा.

६. मग एचएसए किंवा एफएसएमधून पैसे भरले तर?

सर्व्हिस अ‍ॅनिमलसाठी हाच चांगला रस्ता. एचएसए आणि आरोग्याचं एफएसए (वैद्यकीय खर्चासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायची खाती) वैद्यकीय खर्चाची तीच व्याख्या वापरतात, पण तिथे ७.५% ची अट नाही आणि शेड्यूल ए ची गरज नाही. पहिल्या डॉलरपासून फायदा. २०२५ साठी एचएसएची कुटुंबाची मर्यादा ८,५५० आणि आरोग्य एफएसएची ३,३०० डॉलर. वरचं जोडपं पात्र हाय डिडक्टिबल प्लॅनवर (सुरुवातीचा मोठा खर्च स्वतः सोसायचा आरोग्यविमा) असेल आणि त्यांनी ८,५५० एचएसएमधून भरले, तर १२% ने १,०२६ डॉलर वाचतात. पगारातून परस्पर कापले जात असतील तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५% आणखी. तोच कुत्रा, तेच बिल, खिसा वेगळा.

एचएसएमधून भरलेली रक्कम पुन्हा शेड्यूल ए वर दाखवायची नाही. डॉक्टरांचं पत्र फाईलला लावा. त्यात आजार किंवा अपंगत्व कोणतं आणि कुत्रा त्यासाठी काय करतो, दोन्ही हवं.

घरच्या साध्या कुत्र्याचं बिल एचएसए कार्डावर मारलं तर? ती रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि वय ६५ च्या आत असेल तर वर २०% दंड. काउंटरवर कार्ड चाललं म्हणजे खर्च पात्र ठरला असं नव्हे.

७. इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमलचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलं आहे. ते चालेल?

त्या सर्टिफिकेटला करासाठी काडीची किंमत नाही. कसोटी वेगळी आहे: निदान झालेल्या आजारासाठी प्राणी विशिष्ट काम करायला शिकवलेला आहे का, आणि तो आजार नसता तर तुम्ही हा खर्च केलाच नसता, असं दाखवता येतं का? भीतीचा झटका येताना ओळखून माणसाला सावध करणारा, औषधाची आठवण देणारा प्रशिक्षित कुत्रा मानसिक आजारातही या कसोटीला उतरू शकतो. नुसता जवळ बसून धीर देणारा उतरत नाही. घरात आधीपासून असलेल्या मांजरीसाठी नंतर पत्र मिळवलं, तर ‘आजार नसता तर’ हा मुद्दाच कोसळतो.

घरमालकाने ठेवून घेतलं, म्हणून आयआरएसही मानेल असं नाही. घरभाड्याचे, विमानाचे आणि कराचे नियम वेगवेगळे आहेत.

८. दुकानात किंवा गोदामात राखणीला कुत्रा ठेवला तर?

व्यवसायासाठी साधारण आणि आवश्यक असेल तर खर्च वजा होतो. गोदाम, शेत, भंगाराचं यार्ड अशा ठिकाणी जर्मन शेफर्ड रात्रभर राहत असेल तर पटण्यासारखं आहे. घरच्या ऑफिसात लॅपटॉपशेजारी झोपणारा शिझू ‘सुरक्षेसाठी’ आहे हे कुणालाच पटणार नाही. कुत्रा दिवसा यार्डात आणि रात्री घरी असेल, तर फक्त कामाच्या वेळेचा वाटा घ्या आणि तासांची नोंद ठेवा.

मांजरांचाही एक गाजलेला दाखला आहे. साऊथ कॅरोलिनातल्या एका भंगार व्यावसायिक जोडप्याने साप-उंदीर दूर ठेवायला यार्डात भटक्या मांजरांना खाणं घातलं आणि ३०० डॉलर खर्च दाखवला. २००१ च्या त्या सीराइट खटल्यात मांजरांच्या खाण्याचा खर्च टिकला. गिऱ्हाइकांना पाजलेल्या बिअरचा टिकला नाही.

हे वाचून एका इंडियन ग्रोसरीवाल्या काकांनी ‘मग मीही मांजर ठेवतो’ म्हटलं होतं. काका, खाद्यपदार्थांच्या दुकानात जिवंत प्राणी ठेवायला आरोग्य खात्याची मनाई असते. टॅक्स वाचेल, लायसन्स जाईल.

९. आमच्या पोमेरेनियनचे इन्स्टाग्रामवर फॉलोअर आहेत. खर्च धंद्यात टाकू? आणि पिल्लं विकली तर?

दोन्हीला कसोटी एकच: नफ्यासाठी चालवलेला व्यवसाय आहे की छंद? कलम १८३ पाहतं की हिशेब नीट ठेवले आहेत का, वेळ किती देता, जाणकारांचा सल्ला घेता का, आधीचा नफा-तोटा काय. पाचपैकी तीन वर्षं नफा असेल तर व्यवसाय मानण्याकडे कल असतो. घोड्यांच्या पैदाशी-शर्यतीसाठी सातपैकी दोन.

छंद ठरला तर फार वाईट. ब्रँडकडून आलेले पैसे उत्पन्नात धरायचे, खर्च मात्र एक डॉलरही नाही. ब्रँडने पैशांऐवजी खाण्याच्या पिशव्या पाठवल्या, तर त्यांची किंमतही उत्पन्नच. व्यवसाय ठरला तर शेड्यूल सी वर (व्यवसायाचा तक्ता) चित्रीकरणाचे पोशाख, फोटोग्राफर असे खर्च जातात. रोजचं खाणं मी तिथे टाकत नाही. तो कुत्रा कॅमेरा नसतानाही जेवतोच.

व्हिसावर असाल तर पुढचं उत्तरही वाचा.

१०. रोव्हरसारख्या अ‍ॅपवरून इतरांचे कुत्रे सांभाळते. टॅक्सचं काय?

हे स्वयंरोजगाराचं उत्पन्न. १०९९ (पगाराव्यतिरिक्त मिळकतीचा फॉर्म) आला नाही तरी दाखवायचं. वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा अधिक असेल तर नेहमीच्या करावर १५.३% सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो. आलेल्या कुत्र्यांसाठीचे पट्टे, पिशव्या, खाऊ, अ‍ॅपचं कमिशन, गाडीचे मैल (२०२५ साठी मैलाला ७० सेंट) वजा करता येतात. स्वतःच्या कुत्र्याचं खाणं त्यात नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. एच-१बी वर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा दिला तिच्याखेरीज कमाईचं काम करता येत नाही, आणि पैसे घेऊन कुत्रा सांभाळणं हे काम आहे. एच-४ वर (जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असेल तर चालतं. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) ची बंधनं याहून कडक. मैत्रिणीचा कुत्रा फुकट सांभाळायला कुणाची हरकत नाही. पैसे घेऊन झाले असतील तर ते उत्पन्न करपात्र आहेच, पण रिटर्न भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

११. आम्ही शेल्टरचे कुत्रे-मांजरं फॉस्टर करतो (तात्पुरते घरी सांभाळतो). तो खर्च?

हो, आणि हा अपवाद फार थोड्यांना माहीत असतो. प्राणी तुमचा नाही, ५०१ (सी) (३), म्हणजे आयआरएसमान्य धर्मादाय, संस्थेचा आहे, तुम्ही तिचे स्वयंसेवक आहात आणि संस्थेने पैसे परत दिलेले नाहीत. मग खाणं, लिटर, औषधं, डॉक्टर हे त्या संस्थेला दिलेलं दान धरता येतं. गाडीचे मैल दानासाठी १४ सेंटने. हा दर कायद्यातच लिहिलेला असल्याने वर्षानुवर्षं हलत नाही. तुमच्या वेळेची किंमत मात्र शून्य.

यामागे २०११ चा व्हॅन ड्युसेन खटला आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या या बाई ‘फिक्स अवर फेरल्स’ या संस्थेसाठी सत्तरेक भटकी मांजरं घरी सांभाळत होत्या आणि २००४ साठी त्यांनी १२,०६८ डॉलर दान म्हणून दाखवले. आयआरएसने नाकारले. टॅक्स कोर्टात त्यांनी स्वतःच बाजू मांडली आणि बऱ्याच अंशी जिंकल्या. घरच्या सात मांजरांचा खर्चही त्यातच मिसळलेला होता, म्हणून कोर्टाने तेवढा वाटा बाजूला काढला. अडल्या त्या एका कागदापाशी: २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक खर्चाला संस्थेचं लेखी पत्र लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. ते खर्च गेले.

म्हणून फॉस्टर सुरू करतानाच संस्थेकडून पत्र मागून घ्या. घरच्या आणि फॉस्टरच्या प्राण्यांचं सामान वेगळ्या पावतीवर घ्या. आणि हेही शेड्यूल ए वरच जातं, त्यामुळे प्रश्न ५ मधली स्टँडर्ड डिडक्शनची भिंत इथेही आहेच.

१२. शेल्टरला अ‍ॅडॉप्शन फी दिली, ती दान नाही का? आणि पुण्यातल्या भटक्या कुत्र्यांच्या संस्थेला पैसे पाठवले तर?

अ‍ॅडॉप्शन फीच्या बदल्यात तुम्हाला कुत्रा मिळाला, म्हणून ते दान नाही. फीच्या वर स्वखुशीने दिलेली रक्कम दान ठरू शकते, पावतीवर ती वेगळी दाखवून घ्या. २०२६ पासून शेड्यूल ए न भरणाऱ्यांनाही रोख दानाची एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळेल. २०२५ च्या रिटर्नला ती नाही.

भारतातल्या संस्थेला थेट पाठवलेले पैसे अमेरिकेच्या रिटर्नवर दान धरले जात नाहीत. संस्था अमेरिकेत नोंदलेली हवी. आयआरएसच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव शोधता येतं. मात्र भारतात तुमचं भाड्याचं किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या खात्याच्या) व्याजाचं करपात्र उत्पन्न असेल, तुम्ही जुनी करप्रणाली घेतली असेल आणि संस्थेकडे ८०जी (दानावर करसवलतीची मान्यता) असेल, तर भारतातल्या रिटर्नवर सवलत मिळते. २,००० रुपयांवर रोख नको, आणि संस्थेकडून फॉर्म १०बीई (दानाचा दाखला) मागा.

एखाद्याच्या कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी ऑनलाइन वर्गणीत दिलेले पैसे ही भेट, दान नव्हे.

१३. भारतातून आमचा लॅब्रेडोर इकडे आणला. विमान, रक्ततपासणी, विलगीकरण मिळून खर्च अफाट झाला. काही मिळेल?

नाही. पूर्वी नोकरीसाठी घर हलवण्याच्या खर्चात पाळीव प्राण्यांची वाहतूक बसत असे. २०१८ पासून ती वजावट थांबली आणि २०२५ च्या कायद्याने कायमची गेली. उरली ती मुख्यतः बदलीवर जाणाऱ्या सैनिकांसाठी. कंपनीने तो खर्च दिला तर ती रक्कम तुमच्या डब्ल्यू-२ मध्ये पगार म्हणून येते. कंपनीशी बोलतानाच वरचा कर कोण भरणार ते ठरवून घ्या.

१४. आमचा एक काँडो भाड्याने आहे. भाडेकरूचा पेट रेंट आणि कुत्र्याने खराब केलेला कार्पेट?

पेट रेंट हे भाड्याचंच उत्पन्न. परत करायचं डिपॉझिट उत्पन्न नाही, पण नुकसानीपोटी कापून ठेवलं की त्या वर्षी उत्पन्न होतं. कार्पेटची सफाई-दुरुस्ती शेड्यूल ई वर (भाड्याच्या उत्पन्नाचा तक्ता) खर्च. पूर्ण नवा कार्पेट घातला तर घसारा, म्हणजे खर्च काही वर्षांत विभागून. भाडेकरूला यातलं काहीच वजा करता येत नाही.

१५. मी एफ-१ वर आहे, १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न) भरतो. मला यातलं काय लागू?

जवळपास काहीच नाही. १०४०-एनआरच्या शेड्यूल ए वर वैद्यकीय खर्चाची ओळच नाही, त्यामुळे गाईड डॉगचा खर्चही तिथे बसत नाही. पण भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करारातल्या कलम २१(२) मुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. कुत्र्याच्या नादात ते विसरू नका.

१६. कॅनडात नियम वेगळे आहेत का?

हो, आणि तिथे ते खरोखर क्रेडिट आहे. वैद्यकीय खर्चाचं क्रेडिट लाइन ३३०९९ वर मिळतं आणि सर्व्हिस अ‍ॅनिमल त्यात येतो. अंधत्व, गंभीर बहिरेपणा, हात-पाय वापरण्यावर मोठी मर्यादा, तीव्र ऑटिझम, अपस्मार, मधुमेह, आणि २०१८ पासून तीव्र मानसिक आजार यांसाठी. प्राणी विशेष प्रशिक्षित हवा आणि असं प्रशिक्षण हेच मुख्य काम असलेल्या संस्थेकडून आलेला हवा. नुसता भावनिक आधार देणारा चालत नाही. खरेदी, खाणं, डॉक्टर, प्रशिक्षणासाठीचा वाजवी प्रवास धरता येतो.

निव्वळ उत्पन्नाच्या ३% किंवा दरवर्षी ठरणारी रक्कम (२०२४ साठी २,७५९ डॉलर), यातली जी कमी तिच्यावरचाच खर्च मोजतात. क्रेडिट परतावा न देणारं आहे: कर शून्यापर्यंत आणेल, खाली नाही.

१७. भारतात परत गेलो तर?

पगारदाराला पाळीव प्राण्यासाठी काही नाही. अपंगत्वाची ८०यू सवलत जुन्या करप्रणालीत ठरावीक रकमेची आहे, ७५,००० किंवा तीव्र असेल तर १,२५,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च विचारलाच जात नाही, त्यामुळे कुत्रा असो-नसो फरक पडत नाही. गोदामाच्या राखणीच्या कुत्र्याचा खर्च व्यवसायात दाखवता येतो, कसोटी प्रश्न ८ सारखीच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएशी बोलताना गोंधळ नको.

१८. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सल्ल्याने कुत्र्याचं बिल वैद्यकीय खर्चात टाकलं. आता काय करू?

आधी पाहा, त्या वर्षी शेड्यूल ए वापरलं होतं का? वापरलं नसेल किंवा ७.५% ची मर्यादाच ओलांडली नसेल, तर करात फरक पडलेला नाही आणि काही करायला नको. फरक पडला असेल तर १०४०-एक्स (सुधारित रिटर्न) भरा, फरक आणि व्याज द्या. नोटीस यायच्या आधी आपणहून गेलात तर दंडाचा प्रश्न सहसा सोपा होतो. राज्याचं रिटर्नही सुधारावं लागेल.

उलटंही घडतं: फॉस्टरचे खर्च दाखवायचे राहिले. मूळ रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत त्याच फॉर्मवर परतावा मागता येतो. पण संस्थेचं २५० डॉलरवरचं पत्र मूळ रिटर्न भरण्याआधी किंवा मुदतीआधी हातात असायला हवं होतं. आज मागून घेतलेलं मागच्या वर्षासाठी चालत नाही.